राजा सर टी. माधवराव व त्यांचें आडनांव

मराठवाड्यांतील कोणत्याहि शाळेचा हजेरीपट उघडून पाहिला, तर आपल्या प्रांताचा अर्धा इतिहास त्यांत लिहिलेला सांपडतो. कुळकर्णी, देशमुख, देशपांडे, पाटील हीं नांवें जुन्या वतनांची साक्ष देतात. नांदेडकर, लातूरकर, उदगीरकर, कंधारकर हीं मूळ गांवाची आठवण जागी ठेवतात. आपल्याकडे राव हा शब्द व्यक्तीच्या नांवाला केवळ आदरार्थ जोडतात. आडनांव त्यापुढें निराळें असतें. नांदेडचे शंकरराव चव्हाण व लातूरचे विलासराव देशमुख या दोन मुख्यमंत्र्यांचीं नांवें याचें उत्तम उदाहरण होत. परंतु देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके मागें टाकून तेलंगणाची शीव ओलांडली, कीं एक चमत्कार दृष्टीस पडतो. तोच राव नांवापासून सुटा होतो आणि आडनांवाच्या जागीं जाऊन बसतो.

शब्द एकच, परंतु गोदावरीच्या वरच्या अंगाला तो पागोट्यासारखा शोभेचा, आणि खालच्या अंगाला कुळाची ओळख. हें स्थित्यंतर कसें घडलें, आणि हा दोन अक्षरी शब्द लंडन व न्यूयॉर्क येथपर्यंत कसा पोंचला, हें समजून घ्यावयाचें असेल तर एका पुरुषाचें चरित्र फार उपयोगी पडतें. त्यांचे पूर्वज मराठी, त्यांचा जन्म तमिळ देशांतला, त्यांची कीर्ति मलयाळी, माळवी आणि गुजराथी प्रजेंत पसरलेली, आणि त्यांच्या नांवाच्या दोन्ही टोकांस एकच शब्द दोन रूपांनीं उभा. ते म्हणजे राजा सर टी. माधवराव.

प्रथम शब्दाची कुळकथा पाहूं. संस्कृतांतील राजन् या शब्दाचें प्राकृतांत राय असें रूप झालें व तेंच मराठींत राय आणि राव या दोन रूपांनीं उतरलें. देवगिरीच्या रामदेवरावाच्या नांवांत तो आहे, विजयानगरच्या कृष्णदेवरायाच्या नांवांतहि तोच आहे. आरंभीं हा राजाचा शब्द. पुढें सरदार, मुत्सद्दी व कारभारी यांस तो मिळाला. पेशवाईंत बाजीराव, माधवराव अशीं नांवें घरोघर झालीं. आणि शेवटीं कोणाहि प्रतिष्ठित गृहस्थास राव म्हणण्याची रीत पडली. मोठ्यांचे मान असेच हळूहळू खालीं झिरपतात आणि सर्वांचे होतात.

दक्षिणेंत नांव सांगण्याची पद्धति आपल्याहून वेगळी. तेथें पुष्कळ ठिकाणीं प्रथम गांवाचें किंवा घराण्याचें नांव, त्यामागून कधीं पित्याचें, मग स्वतःचें, आणि सर्वांत शेवटीं जातीचा किंवा पदवीचा वाचक शब्द येतो. अय्यर, पिल्ले, नायडू, रेड्डी, राव हे ते शेवटचे शब्द. आपण गांवाला कर हा प्रत्यय लावून तें मागें ठेवतों; तिकडे गांव पुढें येतें, आणि इंग्रजी लिहिण्याच्या सोयीसाठीं त्याचें एकच आद्याक्षर उरतें. माधवरावांच्या नांवांतील टी. हें अक्षर म्हणजे असें आंखडलेलें तंजावर होय.

मूळ गांव नांवांत बांधून परदेशीं नेण्याची ही चाल आपल्या भूमीसहि नवी नाहीं. आठव्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत दक्षिणेवर राज्य करणारे राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःस लट्टलूरपुराचे अधीश्वर म्हणवीत. पुढें त्यांची राजधानी मान्यखेट येथें होती. तरी लट्टलूराचें नांव त्यांनीं बिरुदांत जपलें. सौंदत्तीचे रट्टहि हेंच बिरुद मिरवीत. तें लट्टलूर म्हणजे आपलें लातूर, असें इतिहाससंशोधक सामान्यतः मानतात. राज्य कोठेंहि जावो, नांवांत घर राहतें.

आतां तंजावरकडे वळूं. १६७५-७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजीराजे यांनीं तंजावर हस्तगत केलें आणि कावेरीच्या कांठीं मराठी राज्य स्थापन झालें. तें १८५५ पर्यंत टिकलें. या राज्याच्या आश्रयानें देशावरील कित्येक कुटुंबें तिकडे जाऊन राहिलीं. बृहदीश्वराच्या देवळांत १८०३ सालीं कोरलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालयांतील मोडी दप्तर हीं त्या वसाहतीचीं आजहि बोलणारीं स्मारकें आहेत. या लोकांनीं घरांत मराठी राखली आणि बाहेर तमिळ व तेलुगु आपलीशी केली. नांव सांगण्याची रीत त्यांनीं तिकडचीच उचलली. ज्या गांवचें कुळकर्ण किंवा देशपांडेपण होतें तें गांवच शेंकडों कोस मागें राहिलें, तेव्हां वतनाचें नांव सांगून उपयोग तो काय? बहुतेकांच्या बरोबर राहिला तो फक्त राव.

याच तंजावरांत इंग्रजी विद्येचा प्रवेशहि लवकर झाला. दुसऱ्या सरफोजीराजांचे गुरु श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी होते व १७९८ सालीं ते तंजावरासच वारले. त्यांच्या खटपटीनें त्या प्रांतांत इंग्रजी शाळा निघाल्या होत्या. त्यामुळें मराठी दप्तराचा अनुभव आणि इंग्रजी भाषेचें ज्ञान यांचा मिलाफ तेथील कांहीं कुटुंबांत इतर ठिकाणांच्या आधीं झाला. अशीं माणसें संस्थानिकांस हवीच होतीं. त्रावणकोर संस्थानांत तर १८२१ पासून पुढें अर्धशतकभर दिवाणांची मालिका पाहिली तर वेंकटराव, सुब्बराव, रंगराव, रेड्डीराव, श्रीनिवासराव, कृष्णराव अशीं नांवें एकामागून एक येतात. यांतील सुब्बराव यांस तर त्यांच्या इंग्रजीवरून लोक इंग्रजी सुब्बराव म्हणत. मलयाळी रयतेच्या कानीं राव हा शब्द पडला म्हणजे तिला परदेशाहून आलेला अधिकारी आठवावा, असाच हा योग होता.

अशा घराण्यांत माधवरावांचा जन्म १८२८ सालीं कुंभकोणम् येथें झाला. वडील रंगराव व चुलते वेंकटराव हे दोघेहि त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. मद्रास येथील सरकारी हायस्कुलांत पॉवेल नांवाच्या विद्वान् शिक्षकांच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें. गणित व ज्योतिष हे त्यांचे आवडीचे विषय. बाजारांतून भिंगें आणून वेळूच्या नळ्यांत बसवून दुर्बिणी तयार करण्याचा छंद त्यांस विद्यार्थिदशेंत होता. १८४६ सालीं ते मोठ्या मानानें परीक्षा उत्तीर्ण झाले. कांहीं काळ त्यांनीं आपल्या गुरूच्या जागीं गणित व पदार्थविज्ञानहि शिकविलें. मग मद्रासच्या हिशेबी खात्यांत नोकरी केली. १८४९ सालीं त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि पित्याच्या व चुलत्याच्या कर्मभूमींत तेहि दाखल झाले. शिक्षकाच्या जागेवरून ते महसूल खात्यांत गेले, तेथें दिवाण पेशकाराच्या हुद्यापर्यंत चढले, आणि १८५७ च्या अखेरीस दिवाण कृष्णराव वारल्यावर तिशीच्या उंबरठ्यावर असतां त्यांच्या हातीं सर्व राज्याचा कारभार आला. पुढील वर्षीं ते पदावर कायम झाले.

मिळालेलें पद मानाचें होतें, परंतु सुखाचें नव्हतें. खजिना रिकामा, नोकरांचे पगार थकलेले, इंग्रज सरकारची खंडणी तुंबलेली. लॉर्ड डलहौसीनें १८५५ सालींच कारभार न सुधारल्यास राज्य खालसा करण्याची धमकी दिली होती, आणि त्याच सुमारास शेजारचें तंजावर वारसाच्या अभावीं बुडालेलें माधवरावांच्या पिढीनें प्रत्यक्ष पाहिलें होतें. जेथून आपलें कुळ आलें तें राज्य गेलें. जेथें आपण चाकरी करतों तेंहि जाणार काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा होता.

त्यांनीं रोगाचें मूळ शोधलें. त्रावणकोरांत मिरी व तंबाखू यांचा व्यापार सरकारी मक्त्यांत होता. रयतेनें मिरी पिकवावी आणि सरकार ठरवील त्या भावानें सरकारासच द्यावी, असा हा प्रकार. माधवरावांनीं प्रथम मिरीचा व मग तंबाखूचा मक्ता उठविला व त्याऐवजीं माफक जकात बसविली. किरकोळ व जाचक असे अनेक कर काढून टाकले. १८६५ सालीं इंग्रज हिंदुस्थान, त्रावणकोर व कोचीन यांच्यामध्यें करार होऊन परस्परांच्या मालावरील जकातींचा अडथळा बहुतेक दूर झाला. त्याच वर्षीं एक जाहीरनामा निघाला, आणि सरकारी जमिनी कुळाच्या नात्यानें कसणाऱ्या रयतेस त्यांवर मालकी हक्क मिळाला. जमीन विकतां येऊं लागली, गहाण ठेवतां येऊं लागली, वारसाकडे निर्वेधपणें जाऊं लागली. जमीन आपली झाली म्हणजे शेतकरी तींत विहीर खणतो, झाड लावतो, हें आपल्या मराठवाड्यांत कोणास समजावून सांगावयास नको. थोड्याच वर्षांत कर्ज फिटलें आणि राज्याचा खजिना शिलकींत आला.

वांचलेला पैसा त्यांनीं रस्ते, कालवे, पूल, शाळा व दवाखाने यांवर लावला. त्रिवेंद्रम् येथील शाळेचें १८६६ सालीं कॉलेजांत रूपांतर झालें. देशी भाषांच्या शाळा निघाल्या, पाठ्यपुस्तकें तयार करविलीं गेलीं. सर्व कचेऱ्या एकत्र बसाव्या म्हणून जी भव्य इमारत त्या काळांत उभी राहिली, तींतच आज केरळ राज्याचें सचिवालय आहे. १८६६ सालीं त्यांस के. सी. एस्. आय्. ही पदवी मिळाली व माधवराव सर माधवराव झाले.

चरित्रनायकाच्या गुणांबरोबर त्याच्या काळाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. त्या वेळीं दक्षिण त्रावणकोरांतील नाडार स्त्रियांस अंगावर उपवस्त्र घेण्यास रूढीची बंदी होती. मिशनच्या प्रभावाखालीं आलेल्या स्त्रियांनीं ती मोडली तेव्हां दंगे झाले, घरें व प्रार्थनामंदिरें जाळलीं गेलीं. १८५९ सालीं महाराजांचा जाहीरनामा निघून त्या स्त्रियांस अंग झांकण्याची परवानगी मिळाली. मात्र उच्चवर्णीय स्त्रियांसारखा पेहराव करूं नये, अशी अट राहिलीच. हा न्याय झाला, पण अर्धाच झाला. रस्ते बांधले गेले, परंतु त्यांवरून मोकळेपणीं चालण्याचें भाग्य सर्व जातींस पुढें कित्येक वर्षें लाभलें नाहीं. हिशेब सुधारण्यास त्यांस जेवढें धैर्य पुरलें, तेवढें रूढि सुधारण्यास पुरलें नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

दुसरा एक प्रश्न तर सरळ त्यांच्या आडनांवाशीं निगडित होता. माधवरावांच्या मागेंपुढें संस्थानाच्या वरच्या जागा बहुतेक परप्रांतीय ब्राह्मणांच्या हातीं राहिल्या. माधवरावांच्याच काळांत निघालेल्या शाळा व कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेले मलयाळी तरुण मोठे झाले, तेव्हां आपल्याच देशांत आपणांस दार बंद कां, असें ते विचारूं लागले. १८९१ च्या जानेवारींत दहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांचा अर्ज महाराजांकडे गेला. मलयाळी मेमोरियल या नांवानें तो प्रसिद्ध आहे. निजामाच्या राज्यांत मुलकी व गैरमुलकी हा वाद ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे, त्या आपल्या नांदेड-लातूरच्या वाचकांस या अर्जामागील वेदना चटकन् कळेल. पाहुणा कितीहि गुणी असला, तरी घरच्यांनीं घरांत कायमचें उंबऱ्याबाहेर रहावें हें योग्य नव्हे. आणि हा प्रश्न विचारण्याचें सामर्थ्य ज्या विद्येनें दिलें, तिच्या शाळा बऱ्याच अंशीं या पाहुण्यानेंच उघडल्या होत्या, हेंहि विसरतां येत नाहीं.

महाराजांशीं मतभेद वाढल्यामुळें १८७२ सालीं माधवरावांनीं त्रावणकोर सोडलें. पुढील वर्षीं तुकोजीराव होळकरांच्या इंदूर दरबारीं ते दिवाण झाले; परंतु दोनच वर्षांत त्यांस याहून बिकट कामगिरीवर जावें लागलें. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांस १८७५ च्या एप्रिलांत इंग्रज सरकारनें पदच्युत केलें. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनीं नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या शेतकरी शाखेंतील बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला व त्याचें नांव सयाजीराव ठेविलें. राजा अल्पवयी, दरबार कटकटींनीं भरलेला, सरदार व सावकार बिथरलेले. अशा वेळीं राज्यकारभाराची सर्व जबाबदारी माधवरावांवर आली.

येथें नांवाची एक मौज पाहण्यासारखी आहे. बडोद्यास सर्वच राव होते. खंडेराव, मल्हारराव, सयाजीराव, आणि आतां माधवराव. परंतु पहिल्या तिघांचें आडनांव गायकवाड. राव हा केवळ नांवाचा शेवट. माधवरावांचें मात्र राव हेंच शेवटचें पद; त्यापुढें सांगण्यासारखें दुसरें कांहीं नव्हतें. मद्रासेस जें आडनांव होतें, तें बडोद्याच्या मराठी दप्तरांत नांवाला चिकटून आडनांवपणास मुकलें. दोनशें वर्षांपूर्वीं दक्षिणेंत उतरलेला शब्द असा फिरून मराठी दरबारांत आला तेव्हां आपल्या जुन्या जागीं आपोआप बसला. तसेंच त्या शब्दाच्या धन्याचेंहि झालें. परका म्हणून त्यांच्याकडे पाहणारे पुष्कळ होते, परंतु मराठी बोलणारा हा कारभारी तेथील सरदारांस सर्वस्वी परका वाटणें कठीणच होतें.

बडोद्यांत त्यांनीं जुनीं देणीं चुकविलीं, सारावसुली नियमांत आणली, न्यायालयें व पोलीस यांची नवी व्यवस्था लाविली, शाळा व दवाखाने वाढविले. बडोदें कॉलेज १८८१ सालीं त्यांच्याच कारकीर्दींत सुरू झालें. मात्र त्यांची सर्वांत मोलाची देणगी इमारतींत शोधूं नये. तरुण सयाजीरावांस राज्याधिकार मिळण्यापूर्वीं त्यांनीं राजधर्मावर एक व्याख्यानमाला दिली. राजानें दिवस कसा घालवावा, खुशामत कशी ओळखावी, न्यायाच्या कामांत स्वतः हात कां घालूं नये, खाजगी खर्च व राज्याचा खर्च वेगळे कां ठेवावे, असे विषय त्यांत होते. मायनर हिंट्स या नांवानें तीं व्याख्यानें छापलेलीं आहेत. १८८१ च्या डिसेंबरांत सयाजीरावांनीं राज्याचीं सूत्रें हातीं घेतलीं. पुढें १९०६ सालीं ज्यांनीं आपल्या सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें ते हेच राजे. शिष्य गुरूच्या पुढें गेला, आणि तेंच गुरूचें खरें यश.

१८७७ सालच्या दिल्ली दरबारांत माधवरावांस राजा हा किताब देण्यांत आला. त्या दिवसापासून त्यांच्या नांवाच्या आरंभीं राजा आणि अंतीं राव, असा एकच शब्द दोनदां आला. शेवटचा पूर्वजांकडून चालत आलेला. पहिला पंचवीस-तीस वर्षांच्या श्रमानें मिळविलेला.

१८८२ सालीं बडोदें सोडून ते मद्रासेस येऊन राहिले. नोकरी संपली तरी लेखणी थांबली नाहीं. स्वतःचें नांव झांकून, टोपणनांवानें ते वर्तमानपत्रांत लिहीत. इतकें वजनदार नांव असतां तें बाजूस ठेवून विचार केवळ विचारांच्या बळावर पुढें ठेवावे, ही त्यांची रीत विद्यार्थ्यांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. १८८५ सालीं मलबारांतील जमीनधाऱ्याचा विचार करणाऱ्या मंडळाचें काम त्यांनीं पाहिलें. १८८७ सालीं राष्ट्रीय सभेचें तिसरें अधिवेशन मद्रासेस भरलें तेव्हां ते स्वागताध्यक्ष होते. मात्र पुढें त्या चळवळीशीं त्यांचें जमलें नाहीं. १८९१ च्या एप्रिल महिन्याच्या ४ तारखेस मद्रास येथें त्यांचा अंत झाला. मलयाळी लोकांचा तो अर्ज दाखल होऊन त्या वेळीं तीन महिने झाले होते. त्यांचे पुत्र आनंदराव १९०९ ते १९१२ पर्यंत म्हैसूरचे दिवाण होते.

माणूस गेला, पण त्याच्या नांवाचें शेवटचें पद पुढें चालतच राहिलें. माधवरावांच्या हयातींत इंग्रजी लिहितांना या पदाचें वर्णलेखन निश्चित नव्हतें. त्या काळच्या इंग्रजी पुस्तकांत माधवरावांचें नांव पुष्कळदां अशा अक्षरांनीं छापलेलें आहे कीं त्याचा उच्चार रो असा व्हावा. कोणी तें राऊ असें लिही. आजचें राव हें लेखन मागाहून स्थिर झालें. त्यामुळें एकाच शब्दाचीं तीन आडनांवें जगांत फिरत आहेत.

दक्षिणी नांवांच्या परदेशगमनाची एक वाट मजुरांच्या जहाजांची. १८६० च्या नोव्हेंबरांत मद्रासहून निघालेलें ट्रूरो जहाज नाताळच्या किनाऱ्यास लागलें. या वाटेनें नायडू, पिल्ले, रेड्डी इत्यादि पदें दक्षिण आफ्रिकेंत गेलीं, आणि तिकडच्या गोऱ्या कारकुनांच्या लेखणीखालीं तीं कायमचीं आडनांवें बनलीं. रावांची मोठी वाट मागाहून उघडली व ती विशेषतः विद्येची होती. आंध्रांतील भीमावरम् येथें जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बराव १९२३ सालीं अमेरिकेस गेले व औषधिसंशोधनांत अमर कीर्ति मिळवून १९४८ सालीं तिकडेच वारले. जगाने त्यांस सुब्बराव या एकाच जोडनांवानें ओळखलें. तेंच त्यांचें आडनांव ठरलें. बेनेगल रामराव या मुत्सद्द्यांच्या कन्या शांता यांचें तर आडनांवच रामराव झालें, म्हणजे पित्याचें व्यक्तिनांव कन्येचें कुलनांव बनलें. या लेखिका १९२३ सालीं मद्रासेस जन्मल्या व २००९ सालीं अमेरिकेंत वारल्या. पुरुषाला मान देण्यासाठीं निघालेला शब्द स्त्रियांनींहि निःशंक धारण केला, तेव्हांच तो खऱ्या अर्थानें आडनांव झाला असें म्हणतां येईल.

१९६५ सालीं अमेरिकेनें आपला प्रवेशाचा कायदा बदलला आणि दक्षिणेंतील डॉक्टर, इंजिनियर व प्राध्यापक यांचा ओघ तिकडे वळला. आवेदनपत्रांत शेवटचें नांव असा एक रकाना असे. ज्याच्या घरीं आडनांव नव्हतें, त्यानें त्या रकान्यांत राव लिहिलें. अशा रीतीनें तेलुगु, कानडी, तुळू, कोंकणी व तंजावरी मराठी अशा पांच भाषांचीं माणसें परदेशांत एका आडनांवाचीं झालीं. त्यांच्यांत रक्ताचें नातें असेलच असें नाहीं. हासनचे कादंबरीकार राजा राव १९०८ सालीं जन्मले, फ्रान्सांत शिकले आणि २००६ सालीं टेक्सासांत निवर्तले. त्यांच्या नांवांत तर राजा आणि राव यांवांचून दुसरें कांहींच नाहीं. हडगळी येथें १९२० सालीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचा अंत २०२३ सालीं अमेरिकेंतच झाला. इकडे स्वदेशांत पी. व्ही. नरसिंहराव यांनीं हें पद पंतप्रधानाच्या आसनापर्यंत नेलें. ते तेलंगणाचे, पण मराठी जाणणारे, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूंत उतरविणारे, आणि आपल्या विदर्भांतील रामटेकचे लोकसभेंतील प्रतिनिधि.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. जगांतील प्रत्येक राव आपला नव्हे. चीन देशांत राव या उच्चाराचें एक प्राचीन आडनांव आहे, इटलीच्या सिसिली बेटांतहि त्याच अक्षरांचें आडनांव आढळतें. त्यांचा आपल्या रावाशीं कांहीं संबंध नाहीं. केवळ ध्वनि जुळला म्हणून कुळ जुळत नाहीं.

माधवराव ज्या राज्यास वांचविण्यासाठीं झटले, तें त्रावणकोर आज नकाशावर नाहीं. होळकरांचें व गायकवाडांचेंहि नाहीं. आपलें हैदराबाद संस्थानहि १९४८ सालीं तसेंच मावळलें. परंतु तिरुवनंतपुरास सचिवालयासमोरच्या चौकांत माधवरावांचा पुतळा उभा आहे, आणि त्या पुतळ्यावरून त्या चौकास व तेथील थांब्यास लोक नुसतें स्टॅच्यू म्हणतात. कोणाचा पुतळा, हें रोज तेथें उतरणाऱ्या शेंकडों माणसांस कदाचित् ठाऊकहि नसेल. नांव गळालें; रस्ते, शाळा आणि शेतकऱ्याचा जमिनीवरील हक्क मात्र राहिला. विद्यार्थिबंधुभगिनींनो, नांव आपणांस आईबापांकडून फुकट मिळतें, आणि केव्हां तरी तें गळूनहि पडतें. मधल्या काळांत त्या नांवानें लोकांचें काय भलें झालें, एवढेंच शेवटीं हिशेबांत धरलें जातें.